कळप चरत होता

वायोमिंगच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत, एल्कना हिवाळ्यात गवत घालायचं एक सरकारी मैदान आहे. तिथं हायरम टोलमन एकवीस वर्षं कामाला होता. काम सांगायला सोपं. डिसेंबरात बर्फ कमरेएवढा साचला की सांबराच्या जातीचे पण त्याहून धिप्पाड असे ते सहाशे प्राणी डोंगरावरून खाली उतरतात. रोज सकाळी दोन घोडे स्लेजला जुंपायचे आणि त्यांच्यापुढं गवत टाकत जायचं. एप्रिलपर्यंत एक दिवस खाडा नाही. नाताळ नाही, ताप नाही, मयत नाही. पोटचा पोरगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही हायरमनं गवत टाकलं होतं. गावात लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. सहाशे तोंडांना कोण समजावून सांगणार होतं?

पोरगा जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून हायरमला काही वाटेनासं झालं होतं. थंडीत हात गारठतो तेव्हा आधी झोंबतो, मग दुखतो आणि मग काहीच नाही, तसं. जेवायचा, झोपायचा, घोडे जुंपायचा. कुणी बोललं तर बोलायचा. रविवारी बिनतारी रेडिओवर चर्चच्या बिशपनं विचारपूस केली तर ‘ठीक आहे’ म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

त्याची सून जेनील, म्हणजे गेलेल्या थेरॉनची बायको, हे दोन हिवाळे त्याच्याबरोबर मैदानालगतच्या खोपटात राहायला येत होती. सहा वर्षांची मुलगी खाली गावात आपल्या आईकडं ठेवून. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. ती गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापायची, तो लगाम धरायचा. दुपारी दोघं एका टेबलावर बसून जेवायची. बरं चाललं होतं म्हणा ना.

नाताळ होऊन तीन दिवस झाले होते. गवत टाकून दोघं परत आली तर दारात वर्ल उभा. वर्लचं गुरांचं कुरण खोऱ्यात खाली, सात मैलांवर. स्नोमोबाईल दामटत आला होता आणि मिशांवर बर्फ लटकत होता.

“हायरम, तुझे पाहुणे माझ्या घरी आलेत रे!”

“कोण पाहुणे?”

“कोण म्हणून काय विचारतोस! दीडशे एल्क. माझ्या गवताच्या गंजीत तोंड घालून उभे आहेत कालपासून. मी बायकोला म्हटलं, आता पानं मांड आणि यांना टेबलावरच बसव.”

जेनील हसली. “आत तरी या काका. गरम कोको देते.”

“कॉफी नाही वाटतं?”

“या घरात? आपल्या चर्चला कॉफी चालत नाही. बिशपला कळलं तर?”

“त्याला सांगायला जातंय कोण! साठ वर्षं मी फक्त वासावर काढलीत पोरी,” वर्ल बूट झटकत आत आला. कोको घेतला, डब्यातले पीच खाल्ले आणि मग मूळ पदावर आला. “लांडग्यांचं काहीतरी बघ बाबा. परवा दोनदा ओरडले आणि तुझा पाव कळप माझ्या दारात. लांडगे खाऊन खाऊन किती खाणार? आठवड्याला दोन, तीन. ते मी सोडून देतो. पण बाकीचे घाबरून खाली पळतात त्याचं काय? तुझं गवत इथं पडलेलं, आणि ते माझ्या गायींत. त्यांचा रोग लागून माझ्या गायी गाभडायला लागल्या, की सरकारी माणूस येऊन सगळी गुरं मारायला लावेल. बत्तीस वर्षांची गुरं आहेत माझी.”

“पाडसंही कमी झालीत,” जेनील म्हणाली. “मागच्या वर्षी शंभर माद्यांमागं वीससुद्धा नव्हती. बाबांनी मोजली.”

“मग?”

“माझ्याकडं लांडग्याच्या शिकारीचा परवाना आहे काका. सीझनचे तीन दिवस उरलेत अजून.”

वर्लचा चमचा थांबला. त्यानं आधी हायरमकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं.

“हे बघ, मी काही तुला जा म्हणालो नाही हं.”

“मी तरी कुठं म्हणतेय तुम्ही म्हणालात. मीच म्हणतेय.”

“अगं पण… तिथं? त्या…” वर्लला पुढं बोलवेना.

दोघंही हायरमकडं बघत राहिली. हायरम घोड्याच्या साजाला तेल लावत बसला होता. नको म्हणायला हवं, हे त्याला कळत होतं. शब्दही तोंडात आला होता. पण नको म्हटलं की का ते सांगावं लागतं.

“जा की,” तो म्हणाला. “नारिंगी बंडी घालून जा म्हणजे झालं.”

आता हे लांडग्याच्या शिकारीचं जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. ही शिकार म्हणजे नुसतं बसून राहणं. पांढरे कपडे घालून बर्फात पडायचं, तोंडाशी दोन्ही हात धरून लांडग्यासारखी लांब हाक द्यायची, आणि वाट बघायची. परका कोण आला म्हणून तिथला लांडगा उत्तर देतो. पुन्हा हाक द्यायची. तो थोडा पुढं येतो. असं करत करत त्याला टप्प्यात आणायचं. यात एकच गोम आहे. समोरच्या झाडीत दुसरा शिकारी लपलेला असला, तर उत्तर तोच देतो. दोघांनाही वाटतं, लांडगा आला. त्या खोऱ्यात दर दोन-चार वर्षांनी दोन शहाणे असे एकमेकांना बोलावत बोलावत पन्नास पावलांवर येऊन उभे ठाकतात, आणि मग वर्षभर गावात त्यांची टिंगल होते.

थेरॉनच्या वेळी टिंगल झाली नाही.

त्या दिवशी थेरॉन साजाची एक कडी आणायला वर्लकडं निघाला होता. वाटेत ओढ्याच्या काठी त्याला ताजी पावलं दिसली, आणि तो तिथंच वाळुंजाच्या झुडपांत शिरून बसला. बापाला ठाऊक नाही. बाप गवत टाकून, बंदूक घेऊन मैदानापलीकडच्या कड्यावर चढला होता. पोराला ठाऊक नाही. ओढ्यातून हाक आली, कड्यावरून हायरमनं उत्तर दिलं. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. तिसरी हाक, तिसरं उत्तर. मग झुडपांत काहीतरी करडं-पांढरं हललं आणि हायरमनं गोळी घातली. शेरीफ आला, त्यानं कागदावर चार ओळी लिहिल्या. अपघात. चर्चमधल्या बायका चीज घातलेल्या बटाट्यांचे ट्रे घेऊन आल्या. जेनील सासऱ्याच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, “तुमचा काय दोष बाबा.” तिथवर सगळ्यांना माहीत होतं.

माहीत नव्हतं ते असं. माणूस फसतो, लांडगाही फसतो, पण एल्क फसत नाही. खरा लांडगा ओरडला की सहाशे माना एकदम वर. तोंडातलं गवत तोंडात. माद्या पाडसांना आत घेतात, कळप आवळत जातो, आणि समोर गवताची रास असली तरी तासभर कुणी तोंड लावत नाही. माणसानं कितीही हुबेहूब नक्कल करू दे, ते चरत राहतात. एखादी म्हातारी मादी कान हलवेल, बस. खात्याच्या कुठल्या पुस्तकात हे नाही, पण एकवीस वर्षं रोज त्यांच्यात वावरलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. थेरॉनला हे हायरमनंच शिकवलं होतं. उत्तर आलं की आधी खाली बघायचं, कळपाकडं. बंदूक नंतर.

आणि त्या दिवशी हायरमनं बघितलं होतं. कड्यावर पडल्या पडल्या, दुसऱ्या हाकेला, नेहमीच्या सवयीनं मान वळवून खाली बघितलं होतं. कळप चरत होता. दिसलं, आणि डोक्यात कुठंतरी नोंदलंही गेलं की हा लांडगा नाही. पण त्या साली लांडग्यांनी एकाच आठवड्यात अकरा पाडसं मारली होती, त्याचं बोट बंदुकीच्या घोड्यावर होतं, झुडूप हललं होतं… त्यानं गोळी घातली. हे त्यानं शेरीफला सांगितलं नाही, बिशपला सांगितलं नाही, जेनीलला तर नाहीच नाही.

एकोणतीस तारखेला सकाळी जेनील पांढरे कपडे चढवून, वर शिकाऱ्याला शिकारी दिसावा म्हणून घालतात ती नारिंगी बंडी घालून, बंदूक पाठीला लावून निघाली.

“उत्तरेच्या सोंडेकडं जाते. बारापर्यंत येते. गवत एकट्याला झेपेल ना?”

“तू यायच्या आधी एकोणीस वर्षं कोण टाकत होतं?”

“तेव्हा कंबर होती तुम्हाला,” ती म्हणाली आणि बर्फात घालायच्या चपट्या पादुका आवळून गेली.

हायरमनं घोडे जुंपले. मैदानात पोचल्यावर लगाम स्लेजच्या खांबाला गुंडाळले. घोड्यांना वाट तोंडपाठ होती. ते आपले आपण चालत राहिले आणि तो मागं उभा राहून सुतळ्या कापू लागला, गवत लोटू लागला. वारा पडलेला. ऊन होतं पण त्यात काही दम नव्हता. कळप स्लेजच्या मागं लांबच लांब रांग धरून गवताला लागला. तो साडेचारशे जबड्यांचा आवाज, एकसारखा, संथ. नाकात गवताचा आणि ओल्या केसांचा वास. हायरमला जगात एवढंच अजून बरं वाटायचं.

निम्मे गठ्ठे झाले असतील. ओढ्याच्या बाजूनं हाक आली.

लांब, वर चढत गेलेली, आणि शेवटाला किंचित फाटलेली. थेरॉनची हाक तिथंच फाटायची, आणि जेनील त्याच्याकडूनच शिकली होती. हायरमनं कळपाकडं पाहिलं. चरत होता. म्हणजे जेनीलच. सोंडेकडं जाते म्हणाली आणि वाळुंजांत जाऊन बसली. पावलं दिसली असतील. त्याच ठिकाणी… त्याचं त्यालाच नवल वाटलं की आपल्याला काही होत नाही. त्यानं पुढच्या गठ्ठ्याची सुतळी कापली.

तेवढ्यात कड्यावरून उत्तर आलं.

त्यानं पुन्हा कळपाकडं पाहिलं. पहिल्यांदा बघून खरं वाटलं नाही म्हणून नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एकही मान वर नाही. जबडे चालले होते. एका पाडसानं आईच्या पोटाखालून तोंड काढून गवताची काडी ओढली.

म्हणजे वर माणूस आहे. दुसरा शिकारी. देवा, पुन्हा तेच. कुणीतरी कड्यावर आहे आणि त्याला वाटतंय खाली लांडगा आहे. हायरमनं कमरेचा रेडिओ ओढून काढला. “जेनील! जेनील, ऐकतेस?” नुसती खरखर. हाक देताना शिकारी रेडिओ बंद करतात. त्यानंच तिला तसं सांगितलं होतं.

ओढ्यातून दुसरी हाक आली. आणि कड्यावरून दुसरं उत्तर.

या खेपेला ते त्याच्या कानात नीट शिरलं. जाड, घोगरं, मध्येच एक हिसका आणि मग सरळ लांब. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. हायरमला येत होता. थेरॉननं एकदा फोनवर त्याची हाक पकडून ठेवली होती आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवून म्हणाला होता, “ऐका, घोड्याच्या पोटात दुखतंय.” मेल्यानं वीसदा ऐकवली होती. सगळी पोट धरधरून हसली होती. हायरमही हसला होता. तीच हाक होती. तोच मधला हिसका.

त्यानं लगाम सोडवले आणि घोडे सरळ कळपात घातले. एकवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. एल्क बिथरून दोन्ही अंगांना फाकले, गठ्ठे घरंगळून पडले, स्लेज एका बाजूनं उचलली गेली. तो उभा राहून ओरडत होता. काय ते त्याला आठवत नाही. नुसतं नको, नको, असंच काहीतरी. मैदान संपलं, ओढ्याचा उतार लागला. घोडे पोटापर्यंत बर्फात रुतले आणि थांबले. हायरमनं अंगातली बंडी काढून हातात धरली, कड्याकडं तोंड केलं, आणि स्लेजवर तसाच हात उंच करून उभा राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला भीती वाटत होती, आणि ती इतकी लख्ख होती की डोळ्यांत पाणी आलं.

काहीच झालं नाही. कड्यावर ऊन होतं, बर्फ होता.

“काय झालं?” मागून जेनीलचा आवाज. ती झुडपांतून उठून उभी राहिली होती, गुडघ्यांपर्यंत बर्फ. “काय झालं बाबा? असे का… तुम्ही इथं?”

“वर कुणीतरी आहे,” हायरमला दम लागला होता. “चल. आधी स्लेजवर बस. चल.”

ती हलली नाही. ती त्याच्याकडं बघत होती, मग कड्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं.

“तुम्ही इथं,” ती हळू म्हणाली.

“अगं बस ना पोरी.”

“मी दुर्बिणीतून पाहिलं, बाबा. दुसरं उत्तर आल्यावर. म्हटलं लांडगा दिसतो का बघू. तर माणूस होता. पालथा पडलेला. बंदूक माझ्याकडं धरलेली. मला वाटलं… तुमच्यासारखीच टोपी, तुमच्यासारखीच दाढी. मला वाटलं तुम्हीच. म्हटलं हे वर कधी गेले? मी हात केला.”

“मग?”

“त्यानं मान वळवली. खाली कळपाकडं बघितलं एकदा. आणि परत बंदुकीला डोळा लावला.”

हायरमनं बंडी पुन्हा अंगात चढवली. तळहात थंड पडत गेले, मग मनगटं.

ती ऐकणारी नव्हतीच. कड्यावर जाऊन बघू म्हणाली. दोघं चढली, तासभर लागला. वर बर्फाची साय कुठंच मोडलेली नव्हती. ना पाऊल, ना कोपरांच्या खळग्या, ना जाण्याची वाट, ना येण्याची. जेनील चारी बाजूंना फिरली, पुन्हा फिरली.

“वाऱ्यानं पुसलं असेल,” ती म्हणाली.

“असेल.” वारा सकाळपासून नव्हता.

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिथून खाली ओढा दिसत होता, वाळुंजाची झुडपं दिसत होती. बरीच जवळ दिसत होती.

“बाबा, एक विचारू? रागावू नका… त्या दिवशी तुम्हाला खरंच कळलं नव्हतं ना? तो लांडगा नाही म्हणून?”

दोन वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं, आणि विचारणारी तीच होती. सांगून टाकलं असतं तर ती तिथंच बर्फात बसली असती, त्याच्या तोंडावर थुंकली असती, कदाचित पुन्हा कधी त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण मग तिला हेही कळलं असतं की वर कोण आहे, आणि तिनं पुन्हा त्या ओढ्यात पाय ठेवला नसता. हायरमला हे सगळं त्या वेळीच उमगलं होतं. तो काही मूर्ख नव्हता.

“नाही,” तो म्हणाला. “कुठं कळणार?”

तिनं मान हलवली. त्याच्या दंडावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं. “मग हा कुणीतरी चोरून येतोय. आपली टिंगल करतोय हरामखोर. किंवा आंधळा आहे. मी सोडणार नाही त्याला. आणखी कुणाचा तरी नवरा जाईल.”

तीस तारखेला सकाळी वर्ल तिला स्नोमोबाईलवरून खाली घेऊन गेला. मुलीबरोबर नवीन वर्ष करते, म्हणाली, शिकारखात्याच्या वॉर्डनच्याही कानावर घालते. दोन तारखेला येते. हायरमनं हिशेब केला. एकतीसला सीझन संपतो. दोन तारखेला ती आली की बंदूक भिंतीवर, ओढ्यात जायचं कारणच नाही. मग निवांत सांगू. टेबलावर बसवून, कोको करून, सगळं सांगू. बोलायचं कसं ते तो मनात जुळवत राहिला. ‘हे बघ जेनील’ इथपर्यंत यायचा आणि तिथून पुन्हा सुरुवात करायचा.

त्या दिवशी संध्याकाळी त्याला जाणवलं की घसा दुखतोय. आतून सोलून काढल्यासारखा. सर्दी म्हणावी तर नाक मोकळं. त्यानं कोमट पाण्यात मध घालून घेतला. जेनील गेल्यापासून तो एका शब्दानं कुणाशी बोलला नव्हता, घोड्यांशीसुद्धा नाही.

एकतीसला उठला तर आवाज पार गेलेला. घोड्यांना हाळी द्यायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. हसूही आलं थोडं. मग जुंपले आणि गेला मैदानात. वर्लच्या गंजीतले दीडशे परत आले होते. कळप पुरा होता. त्याला त्यातही बरंवाईट काही वाटलं नाही.

मैदानाच्या पार वरच्या टोकाला असताना कमरेचा रेडिओ बोलला.

“बाबा, ऐकताय? मी आहे.” जेनील कुजबुजत होती. “ओरडू नका. मी वरच्या वाटेनं आलेय, खोपटाकडं आलेच नाही. म्हटलं तो सावध नको व्हायला. वॉर्डन म्हणतो या अंगाला यंदा दुसऱ्या कुणी परवानाच काढलेला नाही. म्हणजे बघा! मी ओढ्यात बसलेय, परवाच्याच जागी. एकदाच हाक देते. उत्तर आलं की फोटो काढते आणि निघते. आज शेवटचा दिवस, तो येणार बघा. तुम्ही काही करू नका, नुसतं गवत टाकत राहा. हं?”

हायरमनं बटण दाबलं. तोंड उघडलं. ‘थेरॉन’ एवढं तरी निघावं, तेवढ्यानं ती उठेल, म्हणून मानेच्या शिरा ताणल्या.

“बाबा? काही येत नाहीये तुमचं. नुसती खरखर… बॅटरी गेली वाटतं. असू दे. बंद करते आता.”

खट्.

स्लेजपासून ओढा अर्धा मैल. मध्ये सहाशे एल्क, गठ्ठ्यांनी भरलेली स्लेज, आणि घोडे म्हातारे. तरी त्यानं लगाम झटकले. घोडे निघाले. चार पावलं गेली असतील नसतील, ओढ्यातून हाक आली. लांब, वर चढत गेलेली, शेवटाला फाटलेली. परवाच्या दोन आणि ही तिसरी.

कळप चरत होता.

आणि हायरमला आपल्या छातीत काहीतरी वर येताना जाणवलं. ढेकर यावी तसं, खालून, आपोआप. त्यानं लगाम टाकून दिले. दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले, हातमोज्याची लोकर दातांत येईपर्यंत दाबले, आणि श्वाससुद्धा रोखून धरला.

कड्यावरून उत्तर आलं. जाड, घोगरं, मधल्या हिसक्यासकट.

घोडे जागच्या जागी थांबले. कड्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. दोघांनी माना वळवल्या, कान टवकारले, आणि मागं स्लेजवर उभ्या असलेल्या हायरमकडं बघत राहिले.